मदत हवी आहे: २,४०,००० किमी झालेली पेट्रोल गाडी, पिस्टनच्या रिंगा गेल्या की व्हॉल्व्ह?

चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. मधली काही वर्षं गॅसवर पळाली, आता किट काढलंय. ऑइल खाते, हजार किमीला साधारण अर्धा लिटर भर घालावी लागते. खाली गळती कुठेच नाही. मेकॅनिक म्हणतो, इंजिन खोलून रिंगा-पिस्टन, बेअरिंग सगळंच करून टाकू. का, तर "एवढ्या रनिंगला दुसरं काय असणार?" मीटर बघून इंजिन खोलायचं हे मला काही पटत नाहीये.

रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की निळसर धुराचा एक झोत येतो आणि थोड्या वेळात साफ. लांब चढावर धूर नाही. मात्र मोठा उतार गिअरवर रोखत उतरलो आणि खाली येऊन ॲक्सिलरेटर दाबला की भपकन निळा ढग! आयडलला गाडी तालात थडथडते. ऑइल फिलरचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवलं तर जागच्या जागी थरथरतं, उडत नाही. कूलंट कमी होत नाही, झाकणाखाली दुधाळ थरही नाही.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं (इंजिन गरम, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून): १६५, १६०, १२०, १६० पीएसआय. तिसऱ्याचं काय समजायचं?

प्रतिसाद १:
रिंगा गेलेली गाडी चढावर, लोडखाली धूर सोडते. तुमची उतारानंतर सोडतेय, म्हणजे ऑइल वरून, व्हॉल्व्हच्या सिलांमधून (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यांमधून) उतरतंय. सकाळचा झोतही त्याचाच. तिसऱ्या सिलिंडरचं दुखणं बहुतेक वेगळं आहे. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालची पट्टी).

धागाकर्ता:
केलं. १२० चे जेमतेम १२५ झाले. मग त्या सिलिंडरमध्ये हवा भरून बघितली, सायलेन्सरच्या तोंडाशी स्पष्ट फुसफुस ऐकू येते. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत.

प्रतिसाद २:
म्हणजे तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. गॅसवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट) संपतो, मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. तेव्हा हेडला हात लावण्याआधी गॅप मोजा, मॅन्युअलमध्ये इंजिन थंड की गरम दिलंय ते बघून. घट्ट असेल तर सेट करून परत कॉम्प्रेशन घ्या. नशीब असेल तर तेवढ्यावर भागेल. आकडा तसाच राहिला तर व्हॉल्व्ह जळलाय, हेड उतरवावंच लागेल, आणि मग सिलं त्याच कामात होतील. हेड निघालं की सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवा. वरच्या टोकाला नख अडेल अशी कड नसेल आणि होनिंगच्या (सिलिंडर बनवताना आतून घासल्याच्या) तिरप्या रेघा अजून दिसत असतील तर खालचं इंजिन उघडू देऊ नका, मेकॅनिक काहीही म्हणो.

धागाकर्ता:
आणि गॅप सेट करून भागलं, तर फक्त सिलांसाठी हेड काढावं लागेल का?

प्रतिसाद २:
नाही. सिलिंडरमध्ये हवेचा दाब ठेवला की व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत, वरूनच स्प्रिंग काढून सिलं बदलता येतात. फक्त दाब देताना इंजिन फिरणार नाही अशा बेताने पिस्टन लावून घ्या.