क्लॅम्प, स्नबर, क्रोबार : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ट्रान्झिस्टरला जादा व्होल्टेजपासून वाचवणाऱ्या सर्किटांवर लिहितो आहे. क्लॅम्प, स्नबर, क्रोबार आणि रिलेच्या (कॉईलच्या चुंबकाने चालणाऱ्या स्विचच्या) कॉईलवर उलटा जोडतात तो फ्लायबॅक डायोड, या सगळ्यांना ‘अतिदाब संरक्षक’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : कुळाचं नाव म्हणून चालेल, एकेकाचं म्हणून नाही. क्लॅम्प व्होल्टेजला ठरावीक पातळीच्या वर जाऊ देत नाही. मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) याच्या गेट आणि सोर्स या टोकांमध्ये झेनर, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला उलट्या दिशेनेही वाहू लागणारा डायोड, लावतात तो क्लॅम्पच. बऱ्याच पॉवर मॉसफेटच्या गेटची मर्यादा २० व्होल्ट असते, तिथे १२ किंवा १५ व्होल्टचा झेनर बसतो. याला ‘दाबमर्यादक’ म्हणा. स्नबर, म्हणजे बहुधा रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, व्होल्टेज चढण्याचा वेग कमी करतो आणि त्यामागून येणारी व्होल्टेजची थरथर जिरवतो. त्याला ‘दाबशामक’ शोभेल. क्रोबार मात्र तसाच राहू द्या. नावामागची कल्पना सप्लायच्या दोन पट्ट्यांवर पहार आडवी टाकण्याची आहे. प्रत्यक्षात थायरिस्टर, म्हणजे इशारा मिळताच चालू होऊन तसाच राहणारा स्विच, सप्लाय शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. (नुसत्या फ्यूजवर भिस्त ठेवू नका. तो वितळायच्या आत ट्रान्झिस्टर गेलेला असतो.)

आणखी एक उत्तर : ‘दाबशामक’ आवडला. फ्लायबॅक डायोडबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण नेमका इथेच ‘संरक्षक’ हा शब्द दिशाभूल करतो. वाचकाला वाटतं, डायोड काहीतरी अडवतो. खरं तर तो वाट देतो. कॉईलमधला करंट एका क्षणात थांबू शकत नाही. ट्रान्झिस्टर बंद झाला की तो करंट चालू ठेवण्यासाठी कॉईल व्होल्टेज चढवत नेते. १२ व्होल्टच्या रिलेतूनही शेकडो व्होल्ट उसळू शकतात. बीसी ५४७ या छोट्या ट्रान्झिस्टरची कलेक्टर-एमिटर (या दोन टोकांमधली) मर्यादा मात्र ४५ व्होल्ट. डायोड असला की करंट त्यातून कॉईलमध्येच फिरतो आणि कलेक्टर सप्लायच्या जेमतेम ०.७ व्होल्ट वर थांबतो. म्हणून मी ‘वाटदेता डायोड’ म्हणेन.

प्रश्नकर्ता : मग डायोडसोबत सिरीजमध्ये झेनर जोडतात तो कशाला?

उत्तर : नुसत्या डायोडमधून करंट रेंगाळत विरतो, त्यामुळे रिले उशिरा सुटतो. झेनरमुळे तो लवकर संपतो. मात्र सप्लाय, झेनर आणि डायोड यांच्या व्होल्टेजची बेरीज ट्रान्झिस्टरच्या मर्यादेच्या बरीच आत हवी. या जोडीला ‘दाबमर्यादक’ म्हणायला हरकत नाही.