दुसऱ्या राउटरच्या आधी केबल तपासा

घरभर वायफाय पोचावं म्हणून दुसरा राउटर लावायचा असेल तर बरेच जण सुचवतात की पहिल्या राउटरची केबल दुसऱ्याच्या वॅन पोर्टात (जिथनं राउटरमध्ये इंटरनेट आत येतं) खुपसा, झालं काम. नेट चालेल, नाही असं नाही, पण दुसरा राउटर स्वतःचं वेगळंच नेटवर्क थाटून बसतो आणि मग हॉलमधला प्रिंटर बेडरूममधल्या लॅपटॉपला सापडत नाही, मोबाईलवरनं टीव्हीवर कास्ट होत नाही. त्यापेक्षा दुसऱ्याचा डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला पहिल्याच्याच पत्त्यांच्या रेंजमधला पण पहिला आपणहून कुणाला देणार नाही असा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) द्या आणि केबल पहिल्याच्या लॅन पोर्टातनं (घरातली उपकरणं जोडायचे पोर्ट) दुसऱ्याच्या लॅन पोर्टात. दुसऱ्यात ॲक्सेस पॉइंट मोड (वेगळं नेटवर्क न थाटता पहिल्याचंच पुढे वायफायवर देणारा) असेल तर तो लावा, डीएचसीपीचं वगैरे तोच बघतो.

केबलबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. आमच्याकडे भिंतीतनं चांगली कॅट-६ (गिगाबिट झेपणारी नेटवर्क केबल) टाकलेली, पण सॉकेट उघडलं तर आठपैकी चारच तारा जोडलेल्या, वायरमनचं उत्तर काय तर "नेट चालतंय ना साहेब". चार तारांवर लिंक १०० एमबीपीएसच्या वर जातच नाही, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात, आणि ३०० चा प्लॅन घेऊन लोक बिचाऱ्या राउटरला शिव्या घालत बसतात. त्या केबलला लॅपटॉप लावून लिंक स्पीड बघा, १०० दिसला तर आधी सॉकेट उघडा. (जुन्या स्वस्त राउटरचे पोर्टच १०० चे असतात, तेही बघून घ्या.) आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडला दोन्ही राउटरना एकच चॅनल ठेवू नका, १, ६, ११ मधले वेगवेगळे द्या.