रेस आणि एथ्निसिटी, दोन्हीकडे 'वंश'च?

धागाकर्ती : एका वस्तीतल्या रहिवाशांच्या पाहणीची प्रश्नावली मराठीत करते आहे. लागोपाठ दोन प्रश्न आहेत, आधी रेस (रंगरूपावरून पाडलेले माणसांचे गट), मग एथ्निसिटी (भाषा, संस्कृती, मूळ यांवरून ओळखला जाणारा समूह). मला दोन्हीकडे 'वंश'च सुचतो. एकच गोष्ट दोनदा विचारली असं वाटून लोक दुसरा प्रश्न रिकामा सोडतील. तुम्ही काय वापराल?

प्रतिसाद १ : हे दोन प्रश्न अमेरिकी जनगणनेच्या पद्धतीतून आलेले दिसतात. तिथे हिस्पॅनिक असणं, म्हणजे मूळ स्पॅनिश भाषिक देशांतलं असणं, रेसमध्ये धरत नसत. हिस्पॅनिक माणूस गोरा असू शकतो, काळाही. म्हणून तो प्रश्न वेगळा होता. (२०२४ मध्ये दोन्ही एकत्र करायचं ठरलं.) ब्रिटनच्या जनगणनेत १९९१ पासून थेट 'एथ्निक ग्रुप' विचारतात. मी रेसला 'वंश' आणि एथ्निसिटीला 'लोकसमूह' म्हणेन.

प्रतिसाद २ : मुळात रेसला 'वंश' हेच चुकीचं आहे. वंश म्हणजे कूळ. यदुवंश, निर्वंश, वंशाचा दिवा, यात कातडीचा रंग कुठे येतो? माझ्या आजीला कुणी वंश विचारला असता तर तिने खापरपणजोबांपासून नावं सांगितली असती.

प्रतिसाद ३ : आजीच्या काळी असेल. संविधानाच्या मराठी पाठात कलम १५ मध्ये 'धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान' असंच आहे. इतकी वर्षं रुळलेला शब्द आता कसा मोडीत काढणार?

प्रतिसाद ४ : मग 'वर्ण' घ्या. दक्षिण आफ्रिकेबद्दल आपण वर्णद्वेष, वर्णभेदच म्हणत आलोय.

प्रतिसाद ५ : कृपा करून 'वर्ण' नको. मराठी माणसाला त्यात आधी चातुर्वर्ण्य दिसतं. अशाच एका अर्जावर दुभाषी म्हणून बसले होते तेव्हा 'वंश' विचारल्यावरही एका बाईंनी पोटजातीसकट जात सांगितली. त्यांचं काही चुकलं नव्हतं, आपल्याकडे तोच प्रश्न विचारला जातो. जात म्हणजे वंशावरून पडलेली विभागणी नव्हे, एकाच वंशातल्या लोकांची ती सामाजिक विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच स्पष्ट लिहून ठेवलंय. तो फरक 'वर्ण' पुसून टाकेल.

प्रतिसाद ३ : पण २००१ मध्ये दर्बानला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जातिभेद वंशभेदाच्याच पंक्तीत घ्या अशी मागणी केली होती.

प्रतिसाद ५ : ती मागणी न्यायाची होती. वंश आणि जात एकच, असा तिचा अर्थ होत नाही.

धागाकर्ती : दुसऱ्या प्रश्नाचं काय करू? 'लोकसमूह' वाचून कुणाला काय भरायचं ते कळेल का?

प्रतिसाद १ : खाली पर्याय छापलेले असले तर कळेल.

प्रतिसाद ४ : देवनागरीत 'एथ्निसिटी' लिहा आणि मोकळ्या व्हा. परदेशात राहणारे मराठी लोक तेच बोलतात.

प्रतिसाद २ : मग भाषांतर कशाला करायचं? जिला इंग्रजी येत नाही तिच्यासाठीच तर हा खटाटोप आहे. 'वंश' हा किती घरगुती शब्द आहे बघा. संस्कृतात त्याचा अर्थ बांबूही होतो. पेरावर पेर वाढतं तशी पिढीवर पिढी, त्यावरूनच कूळ हा अर्थ आला असणार. आपला छपराचा 'वासा'ही त्यातूनच आलाय.

प्रतिसाद ३ : वासा वंशातून? मी तर तो 'वास' म्हणजे राहणं यातून आला असं धरून होतो.

प्रतिसाद २ : नाही. 'वास'मधून वसती, निवास. वासा म्हणजे आडवं-तिरपं टाकलेलं लाकूड, पूर्वी बांबूच असायचा. 'घर फिरलं की वासेही फिरतात' आठवा.

प्रतिसाद ४ : म्हणीने व्युत्पत्ती कशी सिद्ध होते? संस्कृत 'वंश' आणि मराठी 'वासा' यांच्या मधलं प्राकृत रूप द्या.