मदत हवी आहे : अगदी नवशिक्यांना मराठी टायपिंग कुठल्या कीबोर्डने सुरू करावं?

नमस्कार मंडळी. वाचनालयात साठीच्या पुढच्या लोकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग सुरू होतोय. सगळ्यांनी माऊस पहिल्यांदाच हातात घेतलेला असेल. मशीनवर विंडोज १० आहे.

माऊसचं ठरलंय. डबल क्लिक करताना हात हलतो आणि फाइल उघडण्याऐवजी आयकॉन सरकतो, म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये माऊसच्या बटन्स टॅबवर डबल क्लिकचा वेग कमी करणार. तरी जमलं नाही तर एकदा क्लिक करून एंटर. वैतागून माऊस सोडून देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

अडलंय ते टायपिंगपाशी. मराठी फोनेटिकमध्ये रोमन स्पेलिंग डोक्यात जुळवावं लागतं. इंग्रजी कच्चं असलेला माणूस तिथेच थबकतो. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठीची प्रमाणित कीबोर्ड मांडणी; तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, त्यामुळे बाराखडी येणाऱ्याला ते पटकन उमगावं. पण दोन जागा नक्की अडवतात. 'किती' लिहिताना वेलांटी दिसते आधी, दाबायची मात्र 'क'नंतर : के, एफ, एल, आर. आणि 'दुसऱ्या'मधला ऱ्या : शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. साधा जे दाबला की रफार येऊन 'दुसर्या' होतं.

ज्यांनी ज्येष्ठांना प्रत्यक्ष शिकवलंय त्यांना विचारायचंय : थेट इनस्क्रिप्ट घ्यावं का? अक्षरांचे स्टिकर किती टिकतात, की छापील तक्ता समोर ठेवणं बरं? जोडाक्षरं कितव्या तासाला घेता? आणि विंडोज व स्पेस या कळा एकत्र दाबल्या जाऊन चुकून भाषा बदलली, तर ते त्यांच्या लक्षात कसं आणून देता?