सीडी रिप करताना ऑफसेट दुरुस्ती: गरज की नुसता सोस?

खर्ज (धागाकर्ता):
सीडी रिप करणं म्हणजे तिच्यातली गाणी संगणकावर फाइलीत उतरवणं. ऑडिओ सीडीच्या सेक्टरवर (डेटाच्या छोट्या तुकड्यावर) डेटा सीडीसारखा स्वतःचा पत्ता नसतो. जागा कळते ती क्यू सबचॅनलवरून (आवाजासोबत साठवलेल्या वेळेच्या माहितीवरून), आणि ड्राइव्ह ती काही सॅम्पल (आवाजाची सुटी मोजमापं) मागेपुढे धरतो. हा फरक, म्हणजे ऑफसेट, मॉडेलगणिक ठरलेला असतो. कुठल्या ड्राइव्हला +६ ची दुरुस्ती लागते, कुठल्याला +६६७ ची. ती न करता काढलेल्या रिपला मी अचूक म्हणणार नाही. एक सॅम्पल जरी सरकलं तरी सीआरसी (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) पार बदलतो. मग इतरांच्या रिपशी ताडून बघणार कसं?

निषाद:
असहमत. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतात, त्यात ६६७ म्हणजे जेमतेम १५ मिलिसेकंद! शिवाय सगळे ट्रॅक एकाच बाजूला तेवढेच सरकतात. एकाच्या शेवटातून गेलेलं पुढच्याच्या सुरुवातीला सापडतं, सलग ऐकताना मध्ये काही तुटत नाही. संगीत बिघडतं ते ओरखड्यांनी. त्याकडे लक्ष द्या ना.

गंधार:
मधल्या ट्रॅकचं मान्य, पण कडांचं काय? +६६७ वाल्या ड्राइव्हवर दुरुस्ती केली नाही, तर शेवटच्या ट्रॅकची शेवटची ६६७ सॅम्पल फाइलीत येतच नाहीत. केली, तर ती वाचायला लीड-आउटमध्ये (गाणी संपल्यानंतरच्या पट्ट्यात) शिरावं लागतं. सेक्टरमध्ये सॅम्पल ५८८, म्हणजे चक्क दुसऱ्या सेक्टरपर्यंत. पुष्कळ ड्राइव्हना ते जमत नाही, मग प्रोग्रॅम तिथे शून्यं भरतो. अ‍ॅक्युरेटरिपच्या (इतरांच्या रिपचे आकडे साठवणाऱ्या डेटाबेसच्या) चेकसममध्ये, म्हणजे पडताळणीच्या आकड्यात, डिस्कच्या दोन्ही टोकांचे सुमारे पाच-पाच सेक्टर धरलेलेच नसतात, त्यामुळे हे तिथे दिसतही नाही. बहुतेक डिस्कवर शेवटी शांतताच असते, ते आपलं नशीब.

खर्ज:
निषाद, ओरखड्यांसाठीच तर ऑफसेट हवा! टेस्ट अँड कॉपीत (ट्रॅक दोनदा वाचून आकडे ताडण्यात) दोन्ही वेळा तोच आकडा आला की आपण खूश होतो, पण एकच ड्राइव्ह तीच चूक दोनदा करू शकतो. भलत्याच्याच ड्राइव्हवर, भलत्याच प्रतीवरून आलेला आकडा जुळला की माझा विश्वास बसतो.

निषाद:
जुळवायचं कशाशी? ईएसी या रिपिंग प्रोग्रॅमने धरलेलं ऑफसेटचं शून्यच ३० सॅम्पलनी चुकलंय असं पुढे कोणीतरी दाखवून दिलं, तरी सगळे तेच वापरतात. एकाच अल्बमची दोन प्रेसिंगसुद्धा (कारखान्यात वेगवेगळ्या साच्यांतून काढलेल्या प्रती) एकमेकांपासून सरकलेली असू शकतात. आणि क्यूटूल्स हा रिप ताडणारा प्रोग्रॅम ऑफसेट वेगळा असला तरी ताडून देतं की.

खर्ज:
शून्य मानलेलं आहे हे खरंच, म्हणून तर सगळ्यांनी एकच धरायचं. क्यूटूल्स वापराच, पण त्याला सबंध डिस्क लागते. सुटा ट्रॅक उरला की त्याच्या डोक्यावर आधीच्या गाण्याचं शेपूट आणि स्वतःचा शेवट गायब. तो कुठून आणणार?

षड्ज:
यात राइट ऑफसेटही (सीडी लिहिताना होणारी सरक) धरा. रायटरचा आकडा वेगळा असतो. दोन्ही न जुळवता प्रतीची प्रत काढत गेलात तर सरक साचत जाते, आणि तशी डिस्क उद्या कोणी अगदी नीट सेट केलेल्या ड्राइव्हवर वाचली तरी मूळ सीडीशी जुळणार नाही.