सीक्वेन्स स्पेस बदलली, की पेपर झाला?

टिळकवाडीचा_पीएचडीवाला
गाईड म्हणतात, नवी सीक्वेन्स स्पेस (आकड्यांच्या अनंत ओळींचा संच) घे, तिच्यावरनं ऑपरेटर आयडियल काढ, वर्षात दोन पेपर होतील. ऑपरेटर म्हणजे एका स्पेसमधल्या व्हेक्टरना दुसरीत नेणारा रेषीय नियम. आयडियल म्हणजे ऑपरेटरांचा असा गट, की आतल्यांची बेरीज केली किंवा त्यांना बाहेरचा ऑपरेटर जोडला तरी उत्तर आतच राहतं. कृती ठरलेली. ऑपरेटरला एनपेक्षा कमी रँकच्या (म्हणजे ज्याची उत्तरं एनपेक्षा कमी मितींत मावतात अशा) ऑपरेटरनं किती जवळ गाठता येतं, ते अंतर म्हणजे त्याचा एनवा ॲप्रॉक्सिमेशन नंबर. हे नंबर ओळीनं मांडायचे. ओळ स्पेसमध्ये बसली तर ऑपरेटर आत, नाहीतर बाहेर. स्पेसनं तीन अटी पाळल्या की आयडियल तयार: एका जागी १ आणि बाकी ० अशा ओळी तिच्यात हव्यात, एखादी ओळ आत असेल तर तिच्याहून लहानही आत हवी, आणि प्रत्येक पद दोनदा लिहिलं तरी ओळ बाहेर पडू नये. जर्मन गणिती पीचनं १९६३ मध्ये एल-पी स्पेस (पदांच्या पी-व्या घातांची बेरीज सांत असलेल्या ओळी) घालून हे केलं. आता गिरणी तीच, दाणा तेवढा बदलायचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एका पॅटर्नवर (साच्याच्या नमुन्यावर) शंभर कास्टिंग काढतात, पण ते निदान कुठल्यातरी पंपात बसतं.

निपाणीचे_मास्तर
गिरणीला नावं ठेवू नका ओ. ती 'दोनदा लिहा' अट उगाच नाही आली. दोन ऑपरेटर मिळवले की बेरजेचा (२एन−१)वा नंबर त्या दोघांच्या एनव्या नंबरांच्या बेरजेपेक्षा मोठा होत नाही. म्हणजे निर्देशांक दुप्पट पळतो, म्हणून ओळ दुप्पट ताणावी लागते. आणि अगदी साधी स्पेस घाला की, शून्याकडे जाणाऱ्या ओळींची. हिल्बर्ट स्पेसवर (जिथं लांबी आणि कोन दोन्ही मोजता येतात) नेमके कॉम्पॅक्ट ऑपरेटर मिळतात, म्हणजे मर्यादित संचाला जवळजवळ सांत मितीत दाबणारे. बानाख स्पेसवरही (जिथं नुसती लांबी असते) तसंच का, याच्याशी जोडलेल्या प्रश्नावर पोलिश गणिती माझूरनं १९३६ मध्ये जिवंत हंसाचं बक्षीस लावलं होतं. 'नाही' हे उत्तर स्वीडिश गणिती एन्फ्लोनं दिलं १९७२ ला, हंसही घेतला. एवढ्याशा दाण्याला छत्तीस वर्षं लागली बघा.

खानापूरची_एमएस्सी
मास्तर, हंस एन्फ्लोला मिळाला, नुसती स्पेस बदलणाऱ्याला नव्हे. सेझारो स्पेसच बघा ना. ओळीची सरासरी काढत जायची, सरासऱ्यांची ओळ एल-पीत बसली तर मूळ ओळ आत. १, २, ४, ८ या जागी १ आणि बाकी सगळीकडे ० लिहा: एल-टूत (पी दोन) बसत नाही, सेझारोत बसते. स्पेस नवी आहे, मान्य. पण ॲप्रॉक्सिमेशन नंबर कधी वर चढतात का? ते उतरतच जातात. उतरत्या ओळीत एनवं पद पहिल्या एन पदांच्या सरासरीहून मोठं नसतं, म्हणून सेझारोत असेल तर एल-पीत असणारच. उलट बाजूनं हार्डीची १९२० च्या दशकातली असमानता आहे: पी एकापेक्षा मोठा असला की सरासऱ्यांच्या ओळीचा नॉर्म (एल-पीतलं माप) मूळ ओळीच्या नॉर्मच्या पी भागिले (पी−१) पटीत राहतो. पी दोन असेल तर दुप्पट. म्हणजे दोन्ही आयडियल एकच! फरक सगळा खड्ड्याखड्ड्यांच्या ओळींत, आणि तसली ओळ इथं येतच नाही.

फाउंड्रीवाला_उद्यमबाग
म्हणजे पॅटर्नला वरनं नवा रंग मारला, कास्टिंग जुनंच. आमच्याकडे असलं इन्स्पेक्शनला परत येतंय बघा.

निपाणीचे_मास्तर
सेझारोपुरतं कबूल, ताई. पण लॉरेंट्झ स्पेस (पदं उतरत्या क्रमानं लावून जागेनुसार वजन देणारी, एल-पीचीच बारीक आवृत्ती) घातली तर उतरत्या ओळींतही खरा फरक पडतो. पट्टी तीच, खुणा बारीक. शिवाय पोरगं अटी स्वतः तपासायला शिकतंय, याला काही किंमत आहे की नाही? आमच्या वेळी एक लायब्ररी गाठायला अख्खा दिवस एस्टीत जायचा, आम्ही असल्याच तपासण्यांवर हात बसवला.

टिळकवाडीचा_पीएचडीवाला
हात बसवायला वही पुरते सर, जर्नल कशाला? आता गाईड म्हणतात, साध्या सरासरीऐवजी वजनं लाव. केव्या पदाला एक भागिले के.

खानापूरची_एमएस्सी
भावा, ते वजन लावायच्या आधी १, ०, ०, ० ही ओळ घालून बघ. एनवी सरासरी येते एक भागिले (१ + १/२ + … + १/एन). छेद वाढतो लॉगसारखा, म्हणजे रखडत. कुठल्याही पी साठी ती ओळ एल-पीत बसत नाही. तुझी पहिलीच अट पडली. रँक एकचा ऑपरेटरसुद्धा आत शिरत नाही, आत उरतो फक्त शून्य ऑपरेटर.

टिळकवाडीचा_पीएचडीवाला
थांब, वहीत करून बघतो. पहिला पेपर याच वजनांवर पाठवायचा ठरलाय, सोमवारी.