टॉप फ्लोअर: रात्री खोली कोण तापवतं, छत की पश्चिमेची भिंत?

गच्चीखालची:
मुलुंडला सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहते. मागच्या १० बाय १२च्या खोलीत माझी ८१ वर्षांची आई झोपते. मे महिन्यात रात्री अकरालासुद्धा तिथे भट्टी असते, पंखा गरम हवाच खाली ढकलतो. टेंपरेचर गन आणून रात्री ९ला मोजलं: छत ३८, पश्चिमेची भिंत ३४, खोलीतली हवा ३२. सोसायटी बाहेरून भिंतींना उष्णता परतवणारा रंग लावणार आहे. मी म्हणते, आधी गच्ची. पण रविवारच्या मीटिंगमध्ये 'मला वाटतं' म्हणून भागणार नाही. आकडा कसा काढू?

साइटवरचा:
ताई, निम्मा हिशेब तुम्हीच केलाय. छताला खालून चिकटलेल्या हवेच्या थराचा रोध (तो उष्णता किती अडवतो) ०.१७ धरतात, भिंतीला ०.१३. पृष्ठभाग आणि हवा यांच्या तापमानातला फरक त्याने भागायचा. छत: ६ ÷ ०.१७ = ३५ वॉट दर चौरस मीटरला. खोली ११ चौ.मी., म्हणजे साधारण ३९० वॉट. भिंत: २ ÷ ०.१३ = १५. खिडकी वगळून ६.५ चौ.मी. धरा, १०० वॉट. छत जवळपास चौपट!

उपायासाठी प्रत्येक थराची मीटरमधली जाडी भागिले त्याची वाहकता (त्यातून उष्णता किती सहज जाते) करा, की त्या थराचा रोध मिळतो. १५० मिमी स्लॅब: ०.१५ ÷ १.५८ = ०.०९५. वरचा १०० मिमी ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) अंदाजे ०.१२५. प्लास्टर आणि आतली-बाहेरची हवा मिळून ०.२२५. बेरीज ०.४४५, उलटी केली (१ ÷ ०.४४५) की यू व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज जाते तो आकडा, २.२५. कमी तितका बरा. इको निवास संहिता (२०१८), म्हणजे केंद्राची घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली, नव्या इमारतींच्या छताला १.२च्या वर जाऊ देत नाही. ५० मिमी एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारी कडक फोमची शीट) टाकली तर रोध १.६७ने वाढतो, यू येतो ०.४७.

कोबावाला:
आधी लीकेज बघा, ओल्या स्लॅबवर शीट झाकू नका. बजेट नसेल तर निदान गच्चीला पांढरा रंग द्या. पावसाळ्यात शेवाळ धरून तो काळा पडतो, दर दिवाळीला घासावा लागतो. आणि रात्री तापतं कारण दुपारचं ऊन स्लॅबमधून उतरायला काही तास घेतं.

गच्चीखालची:
दोघांचेही मनापासून आभार. सगळं कागदावर मांडलं. काल पुन्हा गन फिरवली, तर ज्या कोपऱ्यावर गच्चीतल्या टाकीची सावली असते तिथे छत ३५च भरलं. आईची कॉट तिकडे सरकवली आहे.